जत्रा उठल्यावरचं सामान

मी जंगलपट्ट्यातल्या चामोर्शीत घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून पुण्यातला आमचा सीनियर मीटिंगमध्ये मला "जंगलातले इंजिनीअर" म्हणायचा. या साहेबांनी एकदा रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत एक फंक्शन लिहिलं. त्यातून क्लोजर परत करायचं होतं, म्हणजे नंतर केव्हाही चालवायचं काम आत्ताच बांधून द्यायचं होतं. पण त्या कामाला लागणारी यादी साहेबांनी फंक्शनमध्येच ठेवली आणि क्लोजरला फक्त तिचा पत्ता दिला. फंक्शन संपलं की आतलं सगळं पुसलं जातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कोड तपासणाऱ्या कंपायलरनं तो नाकारला. साहेब दोन दिवस कंपायलरलाच शिव्या घालत बसले.

आई नदीकाठच्या मार्कंड्याच्या जत्रेत दरवर्षी भज्यांचं दुकान लावते. जेवताना मी तिला हे सांगितलं, तर ती हसायलाच लागली.

"जत्रा उठल्यावर कढई नदीच्या रेतीत सोडून घरी भजे तळतो म्हणते का तो? निघताना सामान संग घ्या लागते."

नेमकं तेच. क्लोजरच्या आधी 'मूव्ह' एवढा एक शब्द लिहिला की ते आपलं सामान सोबत घेऊन निघतं. हा उपाय कंपायलरनं चुकीच्या संदेशाखालीच छापला होता. तेवढंही साहेबांनी वाचलं नव्हतं. मी साहेबांना मेसेज करून कळवलं, तेव्हा उत्तर आलं, "मी तेच करणार होतो. तुम्ही आधी तुमचं बेसिक पक्कं करा."

मी ते आईला जेवतानाच वाचून दाखवलं. तिचा घास हातातच राहिला.

"अन् हा तुले शिकवून राह्यला?"