बाईंचं ‘नाय’

अक्षता माझी डी.एड.ची विद्यार्थिनी, साताऱ्याकडच्या कोरेगावची. हुशार म्हणण्यापेक्षा चिवट. आता जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या वस्तीवरच्या शाळेत आहे. सुट्टीत माझ्याकडे येते, खुर्चीत बसते आणि चहा गार होईपर्यंत बोलत नाही. यंदा दिवाळीत बोलली ते हे.

शाळा दोन शिक्षकांची, पण दुसरे गुरुजी सदा कुठल्या तरी सरकारी कामावर. चार इयत्ता, एक खोली. वरून आदेश, की प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवा. सांगायला काय जातंय! ही मात्र ते करत बसते. शंभूराजला फळा दिसत नाही, त्याला पुढे बसव. उत्कर्षाची गणितं सगळ्यांआधी सुटतात, तिला वेगळी घाल. एकाला पेन्सिल धरवत नाही, त्याला फरशीवर खडूने लिहू दे. दुपारीच घसा बसतो, संध्याकाळी भाकरी थापायचं त्राण उरत नाही.

त्यात पहिलीतली माया. धनगराची पोर, घरी निव्वळ कानडी. बाकीची मुलं बाजारात मराठी शिकलेली. ही जन्मापासून मेंढरांमागे. जूनमध्ये चार शब्द बोलली आणि मग तोंड मिटलं ते मिटलंच. अक्षताने चित्रं दाखवली, खडे मांडले, जवळ घेतलं. जवळ घेतलं की पोर जास्तच आक्रसायची.

शेवटी बापच येऊन म्हणाला, “आवं बाई, हिच्या डोक्यात काय शिरत न्हाई. दसरा झाला की मेंढरं घिऊन निगतोय, हिला संगं नेतो.”

एकदा गेली की पोरीची शाळा संपली. अक्षताला ते कळत होतं, पण भांडायचंही बळ नव्हतं.

पुढे एकदा प्राण्यांची कार्डं दाखवताना कुत्र्याचं चित्र आलं आणि माया पुटपुटली, “नायी.”

“नाय कसं? नीट बघ.”

“नायी.”

मागून उत्कर्षा म्हणाली, “बाई, बरोबर हाय की तिचं. कानडीत कुत्र्याला नायी म्हंत्यात.”

तेव्हा कुठे अक्षताला उलगडलं. आमच्या साताऱ्याकडच्या तोंडात ‘नाही’चं ‘नाय’ होतं. जूनपासून पोरीचं उत्तर चुकलं की ही मान हलवून म्हणत होती, “नाय, माया, नाय.” पोरीला वाटलं, बाई आपल्याला कुत्री म्हणतात. तेही मांडीवर घेऊन!

उत्कर्षाकडून तिने मायाला कानडीत अर्थ समजावला. त्या दिवसापासून अक्षताने तो शब्द टाकला. चुकलं की “परत बघू” म्हणायची. आकडे आधी कानडीत, मग मराठीत. सवयीने ‘नाय’ निसटलं की स्वतःवरच चिडायची. पोर हळूहळू बोलू लागली, अर्धं कानडी, अर्धं मराठी.

दसरा झाला. मेंढरं रस्त्यावर थांबवून बाप शाळेच्या दारात आला आणि कानडीत विचारलं, येतेस ना?

मायाने बाईंकडे पाहिलं आणि थेट कोरेगावच्या हेलात म्हणाली, “नाय.”

बाप आधी मागे वळून कुत्रं कुठं आलंय ते बघायला लागला. मग उमगलं तसा ओशाळून हसला. “ऱ्हा मग आजीपाशी,” म्हणाला आणि गेला.

“मग? जिंकलीस की,” मी म्हटलं.

“कसलं जिंकणं, बाई. दिवाळीनंतर नवा एक पोरगा येतोय, त्याला ऐकू कमी येतं म्हणे.” तिने गार चहा एका घोटात संपवला आणि खुर्चीतच डोळे मिटले.