खोक्यावरचा आकडा

नेमबाजीच्या रेंजवर मी दुर्बिणीतून दूरचं लक्ष्य पाहत होते. साठीतल्या माझ्या ताईच्या सगळ्या गोळ्या मध्याच्या खाली लागल्या होत्या, पण अगदी एकमेकींना चिकटून.

"वय झालं की हात हलतो, ताई," कोच हळूच म्हणाले. "या वेळी स्पर्धा राहू द्या."

"हात हलला तर गोळ्या विखुरतात," ताई म्हणाली. "मला गोळ्यांच्या या खोक्याचा संशय येतोय."

गोळी हवा किती सहज कापते, याचा आकडा खोक्यावर छापलेला असतो. दूर जाताना ती किती खाली येईल, हे त्यावरूनच काढायचं. साठीतल्या बाईच्या हातावर आपला संशय चटकन जातो. छापील आकड्यावर मात्र जात नाही. माझाही गेला नव्हता.

ताईने वेग मोजणारी दोन यंत्रं मांडली, एक बंदुकीपुढे, दुसरं लक्ष्याजवळ. खोक्याच्या हिशेबापेक्षा गोळीचा वेग जास्त घटत होता. तिचा यंत्रांवरही भरवसा नव्हता. त्यांची अदलाबदल करून तिने पुन्हा मोजलं. घट तेवढीच निघाली.

मग स्वतः काढलेल्या आकड्याप्रमाणे तिने नेम जुळवला आणि गोळ्या मध्यात लागल्या.

"घालतो तुमचं नाव स्पर्धेत," कोच म्हणाले.

ताईने मान डोलावली. पण त्यांनी मोबाइल काढून नाव नोंदवेपर्यंत ती त्यांच्या शेजारीच उभी राहिली.