चादरीचं दुसरं टोक

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. पण ताईबद्दल बोलताना माझ्या तोंडालाही लगाम बसतो. ती माझी सख्खी बहीण नाही. हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत आम्ही दोघी शेजारशेजारच्या टेबलांपाशी उभ्या राहून म्हाताऱ्या होत आलो. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी ताई म्हणते. बाकी सगळं तळघर तिला मावशी म्हणतं.

ताईचा नवरा बोटीवर कामाला गेला आणि तिकडचाच होऊन बसला. आम्ही तिचं सांत्वन करायला गेलो तर म्हणाली, "बरं झालं, एका माणसाचं धुणं कमी झालं." पदरात एक मुलगी होती. ती अशी काही उंच वाढली की तळघरात शिरताना वरच्या पाइपला रोज डोकं आपटायची आणि पाइपलाच शिव्या द्यायची. आम्ही तिला शिडी म्हणायचो. शाळा संपली, संध्याकाळचं कॉलेज सुरू झालं आणि दिवसा ती आईसमोर चादरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

आता हे टोकाचं जरा समजून घ्या. मोठ्या पलंगाच्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोन-दोन कोपरे धरतात, फट्कन झटका देतात, ताणतात, दुमडतात. मग एकजण चालत येते, आपले कोपरे दुसरीच्या हातात देते आणि खाली लोंबणारी बाजू उचलते. बोलायची गरज पडत नाही. समोरचीचा कोणता हात कधी पुढे येणार, हे अंगाला ठाऊक असतं. म्हणून आमच्याकडे जोड्या ठरलेल्या असतात आणि कोणी कोणाची जोडीदारीण पळवत नाही. नवऱ्यावरून झाली नसतील एवढी भांडणं आमच्या तळघरात जोडीदारणीवरून झाली आहेत, आणि त्यातली निम्मी मी केली आहेत.

शिडी डावरी होती. तिचं सगळंच उलट्या बाजूनं. सुरुवातीला मायलेकी दर चादरीला एकमेकींवर आदळायच्या. मी म्हटलं, "ताई, पोरीला उजव्या हाताची सवय लाव." तर म्हणते, "तिला कशाला? मीच लावून घेते." आणि या बाईनं, केस पांढरे व्हायला लागलेल्या वयात, स्वतःचे हात बदलले. पाय बदलले. डावं पाऊल टाकायचं तिथं उजवं टाकायला शिकली. थोड्याच दिवसांत त्या दोघी अशा चालायला लागल्या की इस्त्रीच्या मशीनवरच्या बायका काम सोडून बघत बसायच्या आणि सुपरवायझरच्या शिव्या खायच्या. मीही खाल्ल्या आहेत.

मग ते झालं. एक माणूस शिडीच्या मागे लागला होता. ती नाही म्हणाली होती. त्यानं भर दिवसा, दुकानांच्या रस्त्यावर, तिच्या मानेवर सुरा चालवला. तो तुरुंगात आहे आणि त्याच्यावर मी एक शब्दही जास्त खर्च करणार नाही. पण एका दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं आणि ते कोणीतरी बाहेर सोडलं. शहरभर फिरलं ते, मोबाईलमधून मोबाईलमध्ये. माझ्या दिरानं मलाच पाठवलं आणि खाली लिहिलं, 'ही तुमच्या लाँड्रीतलीच ना?' तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या दिवसापासून त्याला माझ्या घरचा चहा बंद. मी ते उघडलं नाही आणि उघडणारही नाही.

ताईनंही पाहिलं नव्हतं. पण बाकी सगळ्यांनी पाहिलंय हे तिला कळायचं. "लोक मला ओळखतात ना, तेव्हा आधी माझ्या मानेकडे बघतात," ती एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "माझ्या पोरीचं नाव घेतलं की त्यांना तेवढंच दिसतं. एवढी वर्षं जगली गं ती. ते सगळं कुठे गेलं?"

मी काय सांगणार, कपाळ? कामावर आमचे मोबाईल कपाटात कुलपात असतात, त्यामुळे शिडीचा काम करतानाचा एक व्हिडिओ नाही. घरी फोटो होते, पण सगळे ताठ उभे राहून काढलेले. ती हलताना-चालताना दिसेल असं जगात एकच काय ते उरलं होतं, आणि ते म्हणजे त्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं. ताईला रात्रंदिवस हेच खात होतं. पोर गेली हे तिनं कसंबसं गिळलं, पण पोरीचं एवढंच उरलं हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

कामावर परतल्यावर सुपरवायझरनं तिला नवी जोडीदारीण दिली. पहिल्याच चादरीला दोघी आदळल्या. दुसऱ्या चादरीलाही. ताईचे हात अजून डावरीसमोरच चालत होते. ती छोट्या टेबलाकडे गेली आणि नॅपकिनच्या, उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायला लागली. ते एकटीचं काम. चादरीला तिनं पुन्हा हात लावला नाही.

आणि मग भोंगा आला. हा शिडीच्या वर्गातला, त्यांच्याच इमारतीतला. लहानपणी रडायला लागला की अख्खा जिना जागा व्हायचा म्हणून भोंगा, आणि आता तेच नाव लावून रॅप करतो. तरुण पोरं त्याच्यापायी वेडी आहेत. मला त्यातलं काही कळत नाही. दम न घेता भांडायचं यालाच रॅप म्हणत असतील तर मीही रॅपरच.

ताईच्या स्वयंपाकघरात स्टुलावर अवघडून बसला. मी तिथंच भाजी निवडत होते. "मावशी, तिच्यावर गाणं केलंय," म्हणाला. "व्हिडिओ करायचाय. तुम्ही हो म्हणालात तरच." मग गाणं ऐकवलं. त्यात नुसता संताप होता, सुरा होता, रक्त होतं. व्हिडिओत काय काय असणार त्याची चित्रंही काढून आणली होती. गल्ली, धावणारी मुलगी, लाल रंग. मी भाजी टाकून उठलेच. "अरे मेल्या, तुला काही काळीज..." ताईनं माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"ती पडते का रे यात?" तिनं विचारलं.

"शेवटी. एकदाच."

"पडलेली सगळ्यांनी पाहिली. उभी कोणी पाहिली?"

  भोंग्यानं ती चित्रं फाडून आमच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि गेला. मला वाटलं, गेला तो गेला. पण काही दिवसांनी परत आला, दाढी वाढलेली, डोळे लाल. नवं गाणं आणलं होतं. सुरुवातच अशी: 'पडलीस तेवढं सगळ्यांनी पाहिलं, उभी होतीस ते कुणी पाहिलं?'

ताईनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. भोंगा म्हणाला, "पण उभी कशी दाखवू, मावशी? ते तुम्ही सांगा."

"चादर धरून," ताई म्हणाली.

मशीनची देखभाल असते त्या दुपारी तळघर रिकामं असतं. मॅनेजरनं ती दुपार दिली आणि बाद झालेल्या, विरलेल्या चादरींचा एक गठ्ठा धुऊन दिला. आम्ही लाँड्रीतल्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिलो. भोंग्यानं शिडीच्या उंचीची एक नटी शोधून आणली होती. गुणी मुलगी, खोटं कशाला बोलू. घरी आईबरोबर घड्या घालायचा सराव करून आली होती. पण होती उजवी.

पहिलीच चादर. झटका ठीक बसला, ताण ठीक आला. मग नटी कोपरे द्यायला चालत आली तर ताईचे हात भलतीकडेच पुढे झालेले. चादर सटकली आणि फरशीवर पडली. दुसरी, तिसरी, तेच. आणि आमच्याकडे नियम असा की फरशीला लागलेल्या चादरीची घडी घालायची नाही. ती मळक्या ट्रॉलीत, परत धुवायला. ताई एकेक चादर उचलून ट्रॉलीत टाकत होती. कॅमेरावाला वैतागला. "अहो मावशी, तीच घ्या ना परत! फाटकीच तर आहे!"

"फाटकी आहे. मळकी नाही," ताई म्हणाली. "माझ्या पोरीनं पडलेली चादर कधी घडी केली नाही."

मी म्हटलं, "ताई, तूच जरा उजवीसारखी चाल ना आजच्यापुरती." तिनं खरंच प्रयत्न केला हो. पण हात ऐकेनात. नटी रडकुंडीला आली, सारखी माफी मागत होती. आणि गठ्ठा संपला. ट्रॉली भरली आणि टेबल रिकामं. कॅमेरावाल्यानं हात टेकले. भोंगा पायरीवर डोकं धरून बसला. माझाही जीव तुटला, की एवढं जमवून आणलं आणि पाण्यात गेलं.

ताई नटीजवळ गेली. तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तू बस, बाळा. तुझी काही चूक नाही." मग आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चादर लागत नाही मला."

तिनं दोन्ही हात उचलले. मान वर केली, कारण समोरची तिच्यापेक्षा उंच. झटका दिला. हातात काही नव्हतं, तरी मी डोळे मिटले, वारा लागेल म्हणून. तिनं ताणलं, आणि ती किंचित पुढे ओढली गेली. पलीकडून कोणीतरी ओढल्याशिवाय माणूस असा ओढला जात नाही. मग थांबली. समोरची चालत येत होती ना, तेवढा वेळ. तिची नजर जवळ जवळ येत होती आणि हनुवटी वर वर जात होती. तिनं कोपरे घेतले, डावरीच्या हातातून घ्यावे तसे, आणि तिथं तिची बोटं जराशी रेंगाळली.

मी देवाधर्मातली बाई नाही. मला भास होत नाहीत, मला वेळ नाही त्याला. पण मी शिडीला पाहिलं. तिचा हात पाहिला, झुकलेली मान पाहिली. शेजारी उभ्या बाईनं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली, म्हणजे तीही पाहत होती. एका चादरीनंतर दुसरी, मग तिसरी. ताई घडी टेबलावर ठेवायची, वरून हात फिरवायची आणि पुढची उचलायची. मधेच एकदा, कोपरे घेताना, ती खुदकन हसली. हसू दाबलं आणि पुन्हा ताणायला लागली.  भोंग्याला खरं तर तिथं गायचं होतं. तो दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून उभा होता, आणि कॅमेरावाल्याचे गाल ओले झाले होते तरी हात हलला नाही.

व्हिडिओ आला. गाणं जोरात चालतं, भोंगा रस्त्यातून बोलत बोलत येतो, तळघराच्या पायऱ्या उतरतो आणि गप्प होतो. पुढे गाणंच नाही. ताईच्या चपलांचा आवाज, बस. ज्याचा तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही, त्यानं आपल्याच गाण्यात तिला सगळी जागा दिली. मी ते पाहताना चहा निवून गेला. पोरं म्हणाली, सगळीकडे तेच चाललंय.

ताईनं एकदाच पाहिलं. "माझे केस बघ कसे दिसतायत," म्हणाली. मग मोबाईल पालथा ठेवून बसली. "तुला ती दिसते, मला दिसते, कारण आपण तिला पाहिलंय. ज्यांनी पाहिलीच नाही त्यांना काय दिसणार गं? एक म्हातारी हवेत हात हलवतेय." मी तिच्यावर ओरडले, पण मलाही आतून धाकधूक होतीच. अनोळखी माणसाच्या डोळ्यात काय उतरतं, ते कोणाला कळणार?

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी औषधाच्या दुकानात रांगेत होतो. पुढे एक आडदांड माणूस, झुपकेदार मिशा, हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. त्यानं सहज मागे पाहिलं आणि पाहतच राहिला. झालं, म्हटलं मी मनात, आणि कंबर कसली. हा आता काही वेडंवाकडं बोलला तर दुकानातच याची मिशी उतरवणार होते.

"तुम्ही त्या लाँड्रीतल्या ना?" त्यानं विचारलं. ताईनं मान डोलावली. तो घुटमळला, बाटली या हातातून त्या हातात घेतली, आणि एवढा मोठा गडी लहान आवाजात म्हणाला, "राग मानू नका. घरी आम्ही सगळे तेच विचारतोय एकमेकांना. मधे एकदा तुम्ही हसलात. ती काय म्हणाली तेव्हा?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली.  मी तिचा हात धरायला गेले, पण तिला त्याची गरज नव्हती.

"ती म्हणाली," ताई म्हणाली, "आई, या चादरीवर झोपणाऱ्याला विचार ना, जरा सरकतो का. मलापण झोप आलीये."

तो माणूस मोठ्यानं हसला. औषधवाला हसला, मागची बाई हसली. मग मिशा पुसत त्यानं विचारलं, "अजून काय काय म्हणायची?" ताईनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि सांगायला लागली.