सफरचंदाचं कूळ

सफरचंदाच्या कुळाची गोष्ट निघाली की मला आजही हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

दोन हजारच्या दशकात आम्ही सिंगापूरला होतो. नवरा तुआसच्या एका कारखान्यात इंजिनियर, मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ऑफिसात अकाउंट्स बघायची. तिथंच मला ताई भेटली. पुण्याची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, नवऱ्याच्या नोकरीपायी आधी इंग्लंडात राहून आलेली. परक्या मुलखात मराठीत बोलायला हक्काचं माणूस मिळालं म्हणून मी तिला फार जीव लावला. तिथं मला दुसरं कुणी नव्हतं.

ॲपल पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत सफरचंदाचं गोड सारण भरून भाजतात तो, करायला तिनंच शिकवलं, तिच्या घरी, तिच्या ओव्हनमध्ये. खायचं सफरचंद वेगळं आणि भाजायचं वेगळं, हेही तेव्हाच कळलं. भाजायला आंबट, कडक वाण हवं. वाणांचा विषय निघाला की ताईला थांबवणं कठीण. इंग्लंडचं ब्रॅम्ली शिजलं की फेसासारखं हलकं होतं. कुणा मुलीनं बी पेरली, झाड आलं, आणि नाव लागलं ते पुढं ते घर विकत घेणाऱ्या खाटकाचं. हॉलंडचं बॉस्कोप खरबरीत सालीचं. फ्रान्सचं काल्व्हिल तिकडच्या टार्टसाठी. यातलं आमच्या सुपरमार्केटात काहीच मिळायचं नाही. मिळायचं ते ऑस्ट्रेलियातलं हिरवं ग्रॅनी स्मिथ. एका म्हातारीनं ओढ्याकाठी फळांचा कचरा फेकला, त्यात ते आपसूक उगवलं म्हणे.

"उकिरड्यावरचं पोर, पण पायमध्ये राजा!" ताई म्हणायची. "उत्तम फळाची बी लावली तरी भलतंच काही उगवतं. सफरचंदाचं कूळ बघायचं नसतं गं, चव बघायची."

हे ऐकताना मला किती बरं वाटायचं! आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. अशा आडनावावरून काही कळत नाही, ज्याला जे सोयीचं ते तो धरून चालतो. ताईनंही धरलं होतं. तिनं कधी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायला मी काय गुन्हा केला होता?

मग मी स्वतःचा ओव्हन घेतला. पहिल्या पायसाठी ताईनं तिचं इंग्लंडहून आणलेलं चिनीमातीचं भांडं दिलं. कुणाला हात लावू द्यायची नाही ती त्याला. "जिवापाड जप. आणि धुऊन लगेच परत हं!"

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघी पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. तिनं नुसतं शहाळं घेतलं. म्हणाली, "पोट रिकामं ठेवते, तुझा पाय खायचाय." परतताना ती पहिल्यांदाच माझ्या फ्लॅटवर आली. चपला काढल्या, आत आली, आणि समोर बघून थबकली. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, आणि वर निळा कोट, चष्मा असा तो फोटो, जो आम्हा बौद्धांच्या प्रत्येक घरी असतो.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही..."

"हो," मी म्हटलं.

मी पाय कापून पुढे ठेवला. तिनं बशीकडे पाहिलं. "अय्या, आज संकष्टी ना! विसरलेच बघ."

माझी मुलगी तिथंच होती. "आंटी, फ्रूट कॅन ईट लाह!" ती म्हणाली. खरंच की, उपासाला फळ चालतं. मी एक ग्रॅनी स्मिथ धुतलं, तिच्यासमोर चिरलं, फोडी पुढे केल्या. मला अजून आशा होती. एक फोड तिनं उचलली असती ना, तर मी संकष्टीवर विश्वास ठेवला असता, आयुष्यभर ठेवला असता. तिनं बशी हळूच सरकवली. ॲसिडिटी, म्हणाली. पाणीही नको म्हणाली. ती गेली तेव्हा फोडी तांबूस पडायला लागल्या होत्या. मी त्या रागारागानं खाल्ल्या, सगळ्या.

संकष्टी कधी आहे ते मी कॅलेंडरमध्ये पाहिलं नाही. गरजच काय होती?

सोमवारी भांडं लख्ख धुऊन, टॉवेलात गुंडाळून ऑफिसला नेलं. ताई पॅन्ट्रीत होती, मराठी बोलणाऱ्या दुसऱ्या दोघींबरोबर. मी भांडं पुढे केलं. तिनं हात पुढे केला नाही.

"राहू द्या हो तुमच्याकडेच," ती गोड हसून म्हणाली. "मी नवीन मागवलंय."

दोघींपैकी एकजण म्हणाली, किती मोठं मन!

एमआरटीच्या गाडीत ते मांडीवर घेऊन घरी आले. फोडावं असं फार वाटलं. फोडलं नाही. आजही त्यातच पाय करते, त्याच उकिरड्यावरच्या सफरचंदांचा, आणि चव बिघडत नाही याचाच मला राग येतो.