मरियमचा दोर

दोर ढिला पडला. आत भिंत कोसळली, दारातून धुळीचा लोट आला आणि माझ्या हातातल्या दोराला वजनच राहिलं नाही. मी जन्मभर विहिरीतून पोहरे ओढले. भरलेला पोहरा सुटला की दोर असाच लागतो.

त्या घरात मरियम होती. आमची ओळख आठ दिवसांची.

मी दुबईत अल मनखूलला मुलाकडे दोन महिन्यांसाठी गेले होते. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. नातीला मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देऊन दार लावून घ्यायची. म्हणून मी रोज बसने समुद्राकडे जाऊ लागले. तिथे एक जुनी वस्ती पाडत होते. कुंपणाच्या पत्र्यांवर टॉवरची चित्रं होती आणि त्यांच्या सावलीत खुर्ची टाकून एक उंच, काळी म्हातारी बसलेली असे. तिला हिंदी येत होतं.

"तुम्हारा घर कौन सा?" मी विचारलं.

"जिसका छप्पर नहीं, वो."

तिच्या आजोबांना लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणून इथे विकलं होतं. मालकासाठी ते मोत्यांच्या बुड्या मारत. सुटका झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी ही वस्ती बांधली. तेव्हा ही जागा कुणालाच नको होती. आता समुद्र दिसतो म्हणून सगळ्यांना हवी आहे.

आजोबांच्या सुटकेचा कागद तिच्या वडिलांनी लाजेपायी डब्यात घालून कोनाड्यात ठेवला आणि वरून गिलावा केला. मरियमला तो हवा होता. तिचा मुलगा म्हणे, "खलास, यम्मा (आई), सोड ते."

आठव्या दिवशी दुपारी मजूर जेवायला गेले. मरियमने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"दादा नीचे जाता, ऊपर सैब (बुडी मारणाऱ्याचा दोर धरणारा) बैठता. मैं झटका दूँगी, तब खींचना. सो मत जाना, बुढ़िया!"

"मेरे को नींद नहीं आती. तू जल्दी आ."

भिंत कोसळली, दोर ढिला पडला, पण झटका आलाच नाही. तरी मी ओढलं. आधी नुसताच दोर येत गेला, मग वजन लागलं. मरियम फरफटत उंबऱ्यापाशी आली. कपाळ फुटलेलं, नखांत चुना, हात रिकामे.

"झटका दिया मैंने? क्यों खींचा? डिब्बा हाथ में था!"

ती अजून ओरडत असतानाच उरलेली भिंत आत बसली.

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची नव्हती. त्यानंतरही दिसली नाही. महिनाभराने मी गावी परतले. इथे मुक्कामाबद्दल विचारतात, तेव्हा मी टॉवर सांगते, बाजार सांगते. सैबाने झटक्याची वाट पाहायची असते. मी पाहिली नाही. पुन्हा वेळ आली तरी पाहणार नाही.

कागद भिंतीखाली गेला. मरियम वाचली.