बेथलेहेमचे बदाम

२०१७ साली कितीतरी महिने मी देवापुढे दिवा लावला नव्हता. ट्रली या आयरिश गावातल्या आमच्या घरी देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक कपाट. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात, म्हणून आमचे देव प्रेसमध्ये राहतात असं नवरा गमतीनं सांगायचा. त्या प्रेसचं दार मी रागानं लावून टाकलं होतं. सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती. हॉस्पिटलातल्या सगळ्यांनी मायेनं केलं, माणसांना बोल लावावा असं काही नव्हतंच, म्हणून सगळा राग देवावर निघाला. त्यातच कॉर्क शहरातल्या मराठी मैत्रिणीचं डोहाळजेवण झालं आणि मला बोलावणं आलं नाही. "तुला त्रास नको म्हणून गं," ती नंतर म्हणाली. मी समजायचं ते समजले. माझ्या हातची ओटी तिला नको होती.

शेजारची नोरीन सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, एकटीच राहायची. तिच्या चर्चची अभ्याससहल निघाली होती. येशूच्या जन्मभूमीतली स्थळं पाहायची आणि आज तिथे राहणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं जगणं समजून घ्यायचं. "चल तू पण, ग्रँड होईल," ती म्हणाली. मी देवाशी बोलत नाही म्हटलं, तर म्हणे, "नको बोलूस. बसमध्ये माझ्याशेजारी बस."

नागपूरला आईला फोनवर सांगितलं. ती लगेच म्हणाली, "अगं, ती मेरीमाय लेकुरवाळी आहे न! तिची ओटी भरून ये बाप्पा." माझी श्रद्धा उडाली होती, पण आईचं मन मोडवेना. खण, तांदूळ, नारळ एका पिशवीत घातले आणि पिशवी नेमकी हातातल्या सामानात. विमानतळावर तपासणीवाल्यानं नारळ कानाशी नेऊन हलवला, अगदी मंडईत आपण हलवतो तसा. आत पाणी खळखळलं. पाणी न्यायला मनाई! नारळ तिथेच राहिला. नोरीन हसू दाबत होती. मला मात्र वाटलं, मेरीमायलाही माझ्या हातचं नकोच आहे.

बेथलेहेममध्ये पांढऱ्या दगडाची एक गुंफा आहे. मेरी बाळाला पाजत असताना दुधाचा थेंब सांडला आणि दगड पांढरा झाला, असं मानतात. मूल मागायला बायका तिथे येतात. मी पिशवी छातीशी धरून मागेच थांबले. नारळाशिवाय कसली ओटी, ही आपली सबब. खरं म्हणजे पाऊल पुढे पडत नव्हतं.

दुपारी आम्ही लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे गेलो. मुलगे कामासाठी कसे परदेशी पांगले, हे सून इंग्रजीत सांगत होती. सासूला इंग्रजी येत नव्हतं, ती फक्त कॉफी देत फिरत होती. निघताना तिनं मला दारात थांबवलं. अंगणातल्या झाडाचे बदाम ओंजळीत घेऊन आली आणि पिशवी सापडेना म्हणून माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं. मी ओढणीचं टोक दोन्ही हातांनी पसरलं. तिनं बदाम ओतले, पुन्हा आत जाऊन ओंजळ भरून आणली, ओतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. इतक्या जणांत मलाच का, हे मी विचारलं नाही, आजही शोधत नाही. माझी ओटी भरली होती. मी ओक्साबोक्शी रडले.

बसमध्ये नोरीननं माझा हात धरला. ओटी म्हणजे काय ते मी तिला सांगितलं. मग ती म्हणाली, "माझा पहिला मुलगा जन्मताच गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून दफनभूमीत जागा दिली नाही. नवऱ्यानं त्याला शेताच्या कडेला पुरलं, काटेरी झाडाखाली. मी तिथे कधी गेले नाही."

परतल्यावर आम्ही दोघी गेलो. वारा नुसता झोंबत होता. झाड अजून होतं. नोरीन कितीतरी वेळ मुलाशी हळू आवाजात बोलत राहिली. मग मी तिला कोटाचा घेर पसरायला सांगितला आणि खण, तांदूळ, नवा नारळ आणि बेथलेहेमचे बदाम त्यात घातले. "आता काय म्हणायचं?" तिनं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "फक्त धरून ठेव." विधवेची ओटी भरत नाहीत, हे मला घरी आल्यावर आठवलं.

त्या संध्याकाळी मी प्रेस उघडला. देव पुसले, दिवा लावला, एक बदाम पुढे ठेवला. मागणं काही नव्हतं. इतके दिवस मी मुठी आवळून देवाशी भांडत होते. त्या माउलीपुढे नुसती ओढणी पसरली, तेवढंच माझ्या हातून झालं. बाकीचं तिनं केलं, आणि ती म्हणजे कोण, हे मी आता ठरवत बसत नाही.

आईला सगळं सांगितलं. नोरीनच्या ओटीचंही. आता ओरडणार, असं मला वाटलं.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "माझ्याकडूनही भर बाप्पा तिची."