डाव अर्ध्यावर सोडणारी

तलासरीत माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर कॅरम खेळते. डहाणू-तलासरीतल्या अशाच खेळणाऱ्यांचा आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे आणि त्याची अ‍ॅडमिन मी. सुरुवातीला मी फार मऊ होते. हरायला लागलं की लोक डाव अर्ध्यावर टाकून पळायचे, वर समोरच्याला शिव्या द्यायचे, आणि मी आपली "जाऊ द्या, खेळच आहे" म्हणत बसायचे. चांगले खेळणारे एकेक करून निघून गेले. मग मात्र माझं डोकं फिरलं. माझा राग उतू गेलेल्या दुधासारखा, भांड्यात परत जात नाही. नियम केला: तीनदा डाव अर्ध्यावर सोडला की ग्रुपबाहेर, कुणाचंही कारण ऐकणार नाही.

त्यात पहिली सापडली ती डहाणूजवळच्या आगर गावची एक बाई. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या फोटोच्या जागी एक निळी होडी होती. हात असा बसलेला की राणी घ्यायला तिला दुसरा फटका लागत नसे. सोमवारी पाच वाजता ती डाव सोडून गेली. "होडी आली, ताई." मंगळवारी पावणेसहाला गेली, कारण तेच. बुधवारी साडेसहाला, पुन्हा तेच.

मी डोंगराकडची, उधव्याची. आमच्याकडे वाट बघायची ती एसटीची, आणि तीही रोज ठरल्या वेळेलाच उशिरा येते. होडी रोज वेगळ्या वेळेला कशी येईल? सगळ्यांसमोर लिहिलं, "खोटं बोलायचं तर निदान वेळ तरी एक ठरवा," आणि तिला काढून टाकलं. कशाला लपवू, तेव्हा मला छान वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात कामानिमित्त डहाणूला गेले आणि घरी मासळी न्यावी म्हणून खाडीकडे वळले. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. "होडी किती वाजता येते?" मी विचारलं. एक म्हातारी हसली.

"होडी काय एसटी हाय? भरतीचं पाणी खाडीत चढलं का येल. आज आली त्याच्या पाऊण तास उशिरा उद्या."

पाच, पावणेसहा, साडेसहा. माझे कानच तापले. घरच्या कॅलेंडरवर भरतीच्या वेळा छापलेल्या असतात. मी त्यात जन्मभर फक्त चतुर्थी बघितली.

परतीच्या एसटीत तिचे जुने डाव उघडून पाहिले. तिन्ही वेळा ती जिंकत होती. जिंकणारा माणूस कशाला पळेल? पण मी डाव बघितलेच नव्हते, फक्त तीन मोजले होते.

तिला परत घेतलं आणि चारचौघांत बोलले होते म्हणून माफीही चारचौघांतच मागितली. नियम काढला नाही. एक ओळ जोडली: खेळायला बसताना किती वाजेपर्यंत आहात ते सांगा. अच्छाडचा एक ढाबेवाला कुरकुरला, "मग ट्रक आले की मीपण पळणार." मी लिहिलं, "खुशाल पळा, आधी सांगून."

तिचं उत्तर मात्र नाही. आठ दिवस ती होडी गप्प. एका प्रामाणिक बाईला मी खोटारडी ठरवलं, आता ती कशाला येतेय, हेच डोक्यात. एकाच्या फॉर्मवर गावाच्या रकान्यात मी आगर लिहून बसले.

नवव्या दिवशी दुपारी मेसेज आला. "सव्वाचारपर्यंत हाय. कोण बसतं?"

समोरच्या गिऱ्हाईकाला थांबवून मीच बसले. बघता बघता राणी तिच्याकडे गेली, आणि माझ्या पाच सोंगट्या तशाच. चार वाजून दहा मिनिटांनी मी समजूतदारपणे लिहिलं, "जा तुम्ही, होडी यायची वेळ झाली. डाव राहू दे."

उत्तर लगेच आलं. "अजून पाच मिनिटं हायत, ताई. हरायला लागलात म्हणून पळता काय?"

मी इतक्या मोठ्याने हसले की गिऱ्हाईक दचकलं. "काय झालं?"

"सुटले बाबा," म्हटलं, आणि उरलेल्या पाच मिनिटांत तो डाव मुकाट्याने हरले.